कानवाल्यांची काठी

बारकी बेचाळीस वर्षांची होती आणि बारीक तर कुठल्याच बाजूने नव्हती. पण घरातल्या शेंडेफळाला एकदा जे नाव चिकटतं ते केस पिकले तरी सुटत नाही. तिच्या वडिलांचंही तसंच झालं होतं. पाणीखात्यात, निवृत्तीनंतर आजारी पडेपर्यंत केलेली वर्षं धरून, चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, जमिनीखालून जाणारे नळ ऐकायचे. म्हणून सगळं गाव त्यांना कानवाले म्हणायचं. खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं.

काम सांगायला सोपं होतं. छातीइतकी उंच पोलादी काठी, खाली टोक, वर कान टेकवायला लाकडाची जाड चकती. पहाटे, लोकांनी नळ उघडायच्या आत, रस्त्यातल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्याचं झाकण उचलायचं, काठीचं टोक आतल्या लोखंडावर ठेवायचं आणि वर कान लावायचा. धड नळ गप्प असतो. फुटलेला बोलतो. भोक बारीक असेल तर दातांच्या फटीतून हवा सोडल्यासारखा, मोठं असेल तर पडसं झालेल्या माणसासारखा. कानवाले ऐकायचे, पुढच्या खड्ड्यापर्यंत जाऊन परत ऐकायचे, मग रस्त्यावर खडूने एक फुली मारायचे, आणि खोदणारे डोळे मिटून तिथे खोदायचे. फुली हातभर जरी चुकली तरी कानवाले दोन दिवस घरात कुणाशी बोलत नसत.

कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी त्यांचा कान आधी स्वयंपाकघरातल्या नळाकडे जायचा. टपटप ऐकू आली की खिशातून वायसर निघायचा. ते येताना दिसले की ओळखीपाळखीच्या बायका आत जाऊन नळ करकचून आवळून यायच्या. बारकी ग्रंथालयात नोकरीला लागली तेव्हा आत्या म्हणाली होती, "छान झालं. बाप शांतता ऐकतो, लेक शांतता राखते. आता या घरातलं बोलायचं काम मी एकटीने ओढायचं." आत्या म्हणजे कानवाल्यांची थोरली बहीण. त्याच गल्लीच्या वरच्या टोकाला राहायची आणि ते काम चोख करायची.

कानवाले जाऊन साडेतीन महिने झाले होते. कपडे देऊन झाले, औषधं टाकून झाली, चष्मा डबीत गेला. काठी तेवढी दारामागे उभी होती. तिला धक्का लागू नये म्हणून बारकी त्या दारातून जराशी तिरकी होऊन जायची. बाकी तिचं सगळं ठीक चाललं होतं, असं ती विचारणाऱ्यांना सांगायची.

गुरुवारी संध्याकाळी पाणीखात्याचा नवा इंजिनियर आला. वयाने तिशीच्या आतबाहेर, बूट दाराबाहेर काढू की नको या विचारात पडलेला.

"ताई, खात्याच्या सामानाची यादी करतोय," तो म्हणाला. "एक काठी कमी भरते."

"आहे ना. पुसून देते."

"घाई नाही. सोमवारी द्या. सोमवारी आम्ही इथेच असू, तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर खोदकाम काढलंय."

"कोपऱ्यावर? कशाला?"

गल्ली उताराची होती आणि तिच्या खालच्या कोपऱ्यावर, जुन्या दगडी भिंतीच्या पायथ्याशी, करंगळीएवढं पाणी बारा महिने पाझरायचं. तेवढ्याशा पाण्याने एका खोलीएवढं राज्य वसवलं होतं. भिंतीवर नेचे आणि शेवाळ, खाली दगडांच्या खळग्यात पसाभर डबकं, त्यात बेडकांची पिल्लं, वर चतुर, आणि दुपारी चिमण्यांची आंघोळ. माणसांनाही त्या पाण्याने वळण लावलं होतं. ओल टाळायला लोक तिथे थोडे बाजूने जात, म्हणून पायवाट सायकलवाल्याच्या दुकानाला घासून गेली होती, आणि दुकानाला घासून गेली म्हणून त्याचं दुकान चालत होतं. पंक्चर शोधायचं त्याचं घमेलं त्याच पाण्याने भरायचं. गावातली अर्धी कुत्री आणि शाळेतून सुटलेली सगळी पोरं तिथे थांबूनच पुढे जायची.

"या गल्लीत रोज दोन टाक्या पाणी हरवतंय," इंजिनियर म्हणाला. "मीटर खोटं बोलत नाही. आणि कोपऱ्यावर ते उघड दिसतंय. नळ बदलायचा, वरून काँक्रीट टाकायचं."

"अहो, ते पाणी मी शाळेत होते तेव्हापासून आहे. त्यात बेडकांची पिल्लं वाढतात. नळाच्या पाण्यात औषध असतं, त्यात ती जगतील का?"

"औषध उन्हात उडून जातं, ताई." त्याने घसा खाकरला. "तुमच्या वडिलांनी दरवर्षी त्या जागेपुढे एकच शेरा लिहिलाय. 'पाणी आपलं नाही.' पूर्वी नसेलही. पण मधल्या काळात नळ फुटला असेल आणि त्यांना... म्हणजे, मी चौकशी केली. शेवटी शेवटी त्यांना ऐकू कमी येत होतं ना?"

ते खरं होतं. शेवटची पाच-सहा वर्षं दाराची घंटा त्यांना ऐकू येत नसे. रेडिओ इतका मोठा लागायचा की बातम्या शेजाऱ्यांना आधी कळायच्या.

"रागावू नका," इंजिनियर म्हणाला. "माणूस मोठा होता, सगळेच सांगतात. पण त्यांच्या शेवटच्या पाच वर्षांच्या नोंदी बाद धरून सगळं गाव पुन्हा तपासावं लागेल. सोमवारी नळ फुटका निघाला की तसं लिहून पाठवतो."

तो गेला. बारकीने दार लावलं आणि काठीकडे पाहिलं. ऐकू येत नसताना बाबा पाच वर्षं रोज पहाटे ही काठी घेऊन गावभर हिंडले, आणि घरी येऊन म्हणाले, सगळं ठीक आहे. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. मग काय, लाज वाटली होती? दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात तिने तीन पुस्तकं चुकीच्या कपाटात लावली.

शनिवारी ती काठी पुसायला बसली. पोलादावर हलकं तेल, लाकडाला कोरडं फडकं. चकती पुसताना बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. कडेला खळगे होते. वरच्या बाजूने एक रांग, खालच्या बाजूने एक. उंदराने कुरतडली वाटतं, असं म्हणून ती काठी खिडकीपाशी घेऊन गेली. उंदीर इतका शिस्तीचा नसतो. खळगे कमानीत होते, आणि वरच्या रांगेत मध्याच्या जरा डावीकडे एका खळग्याची जागा रिकामी होती.

तिथला दात बाबांनी तरुणपणी एक गंजका व्हॉल्व्ह उघडताना पान्ह्याच्या फटक्याने घालवला होता. हसले की ती फट आधी दिसायची.

बारकी खाली बसली. मग तिला कानाचा डॉक्टर आठवला. पाच वर्षांपूर्वी तीच बाबांना घेऊन गेली होती. डॉक्टरने एक लोखंडी चिमटा वाजवून कानापुढे धरला. बाबा म्हणाले, काही नाही. मग तोच चिमटा कानामागच्या हाडावर टेकवला. बाबा दचकले. "वाजतोय की!" डॉक्टर म्हणाला होता, "तुमच्या कानाचं दार अडकलंय, आजोबा. आतला माणूस अजून जागा आहे." बाबा घरी येईपर्यंत त्यावर विचार करत होते. बारकीला वाटलं होतं, आजोबा म्हटलं म्हणून वाईट वाटलं असेल.

तिने घरात दुसरं कुणी नाही याची खात्री करून घेतली, त्याचं तिचं तिलाच हसू आलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन काठीचं टोक नळावर टेकवलं. चकती कडेने दातांत धरली. लाकडाला जुन्या कपाटासारखी चव होती. तिने नळ जरासा सोडला.

डोक्यात पाणी वाहू लागलं. कानात नाही, डोक्यात. जबड्यातून वर, कपाळापर्यंत. तिने नळ बंद केला. शेवटचा थेंब सुटलेलाही ऐकू आला, आणि शांतता झाली. मग तिने पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला, आणि हे इतक्या वेळा केलं की ऐकायला कानवाले असते तर त्यांनी खिशातून वायसर काढला असता.

रविवारी दुपारी, जेवणं होऊन गल्ली पेंगत होती तेव्हा, ती काठी घेऊन कोपऱ्यावर गेली. सायकलवाला दुकानाच्या पायरीवर बसला होता. पाठीला कुबड, हाताला वंगण, आणि खोदकामाची बातमी कळल्यापासून तोंडाला कुलूप. तिला पाहून ते उघडलं.

"बारकीताई, तुमच्या वडिलांची काठी? आता तुम्हीपण ऊस खाणार का?"

"ऊस?"

"तेच करायचे ते. पहाटे मी दुकान झाडायला यायचो तर हे काठी तोंडात धरून डोळे मिटून उभे. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काठी आणि ऊस यातला फरक कळेनासा झाला. कुणाला बोललो नाही. आपल्या माणसाची अब्रू."

"पाच वर्षं तुम्ही बोलला नाहीत?"

"चांगल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये," सायकलवाला म्हणाला, "आणि ते ओळखीचे होते म्हणून विचारलंही नाही."

दोघांनी मिळून कोपऱ्यावरच्या खड्ड्याचं झाकण उचललं. बारकीने काठी लोखंडावर टेकवली, चकती दातांत धरली, डोळे मिटले. काही नाही. भिंतीपाशी हाताच्या अंतरावर पाणी पाझरत होतं आणि खालचा नळ मात्र मुका होता.

"काय म्हणतोय?" सायकलवाल्याने विचारलं.

"काहीच नाही."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं. पण मग दोन टाक्या जातात कुठे? काका, कुठेतरी पाणी मुरतंय."

"ते तर जगजाहीर आहे," सायकलवाला म्हणाला, आणि काठीचा दुसरा कुणी वाली नसल्यासारखा झाकण उचलायची कडी घेऊन तिच्यामागे निघाला.

गल्लीत सहा खड्डे होते. दुसऱ्याशी काही नाही. तिसऱ्याशी अगदी दूर, उकळी फुटायच्या आधीच्या किटलीसारखं काहीतरी. चौथ्याशी ती किटली खोलीत आली. पाचव्याशी बारकीचे दात शिवशिवू लागले. सहावा खड्डा आत्याच्या फाटकासमोर होता आणि तिथे तिने काठी टेकवली मात्र, जबडा थरथरला. दातांच्या फटीतून कुणीतरी न थांबता हवा सोडत होतं.

फाटकातून आत्या बाहेर आली. "दोघं मिळून माझ्या दारात काय करताय? आणि ते काय तोंडात घातलंयस? तू लहान आहेस का आता?"

"आत्या, तुझ्या अंगणाखाली नळ फुटलाय."

आत्याच्या अंगणात निळ्या-पांढऱ्या फरशा होत्या. दोन वर्षांपूर्वी स्वतः उभी राहून बसवून घेतलेल्या, आणि त्यांच्यावर चप्पल घालून चालायची परवानगी मांजरालाही नव्हती, असं सायकलवाला म्हणायचा. बारकीला वाटलं, आता आत्या फरशांची बाजू घेणार. पण आत्या गप्प झाली. ही गोष्ट इतकी नवी होती की सायकलवाल्याने कडी हळूच खाली ठेवली.

"हे तुला कुणी सांगितलं?" शेवटी तिने विचारलं.

"काठीने. दातांत धरली की ऐकू येतं. बाबा तसंच ऐकायचे. कान गेल्यावर."

आत्या पायरीवर बसली. "तो आला होता," ती म्हणाली. "आजारी पडायच्या आधी, आठवडाभर आधी असेल. काठी घेऊनच आला. म्हणाला, ताई, तुझ्या अंगणाखाली गळतंय. मी म्हटलं, धाकट्या, मी तुला कानाशी येऊन हाका मारते त्या तुला ऐकू येत नाहीत, आणि माझ्या फरशांखालचं ऐकू येतं होय रे? तर म्हणाला, दात सांगतात. मी म्हटलं, मग दाताच्या डॉक्टरकडे जा." ती थांबली. "खूप हसले गं मी. तोही हसला. ती त्याची फट दिसली. म्हणाला, बरं, तू हसून घे, मी पुढच्या आठवड्यात खात्यात सांगतो."

पुढचा आठवडा कसा गेला हे तिघांनाही ठाऊक होतं.

"मला वाटलं तो माझी चेष्टा करतोय," आत्या म्हणाली. "आयुष्यभर मी त्याची केली ना."

बारकी तिच्याशेजारी बसली. सायकलवाला भिंतीकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने आत्याने पदराने डोळे आणि नाक दोन्ही एकदम पुसलं आणि पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "तो पोरगेला इंजिनियर उद्या किती वाजता येतोय?"

सोमवारी नऊ वाजता इंजिनियर चार माणसं आणि कुदळी घेऊन कोपऱ्यावर पोचला, तर भिंतीपुढे सायकलवाला सायकल उलटी करून बसला होता. त्याने पाच-सहा सुटे भाग असे पसरले होते की पाय ठेवायला जागा नव्हती. "आवरतो, साहेब," तो म्हणाला, "पण आधी वर जाऊन या. म्हातारीने बोलावलंय. मी तुमच्या जागी असतो तर गेलो असतो."

आत्याच्या फाटकात बारकी काठी घेऊन उभी होती. तिने सगळं सांगितलं, खळगे दाखवले. इंजिनियरने ऐकून घेतलं, पण त्याच्या चेहऱ्यावर यादीत नसलेल्या वस्तूबद्दलचा भाव होता.

"ताई, भावना समजतात. पण दातांनी..."

"तुमचं यंत्र असेल ना? हेडफोनचं?"

"दुरुस्तीला गेलंय."

"मग काठी घ्या."

त्याने रुमाल काढून चकती पुसली, मग दुसऱ्या बाजूने पुसली, मग चारी माणसांकडे पाठ केली आणि चावली. त्याची मान एकदम ताठ झाली. तो हलला नाही. बऱ्याच वेळाने त्याने तोंड सोडवलं.

"कुठे खोदायचं?" त्याने विचारलं.

"ते मला येत नाही," बारकी म्हणाली. "मला फक्त जवळ की दूर एवढंच कळतं."

"मला येतं." तो काठी घेऊन अंगणात शिरला. फरशीवर बूट वाजले; आत्याने डोळे मिटून घेतले, पण तोंडही मिटलेलंच ठेवलं. तीन ठिकाणी तो उभा राहिला, तीनदा काठी चावली. मग खिशात हात घातला. "खडू आहे का कुणाकडे?"

बारकीने दिला. काठीच्या पिशवीत होताच, निम्मा झिजलेला.

फुली अंगणाच्या बरोबर मध्यावर आली. आत्या म्हणाली, "अरे बाळा, थोडी कडेला नाही का सरकणार?" आणि लगेच स्वतःच म्हणाली, "नको, नको. तिथेच खोद. एकदा ऐकलं नाही, तेवढं पुरे."

कंबरभर खड्डा झाला तेव्हा पाणी दिसलं. नळाच्या सांध्यातून पंख्यासारखं उडत होतं आणि जुन्या गटाराच्या भिंतीला पडलेल्या भगदाडातून गुपचूप निघून जात होतं. म्हणून वर कुठे थेंबही आला नव्हता. खोदणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "फुली हातभरही चुकली नाही, साहेब." इंजिनियर चिखलाने माखलेला होता आणि बक्षीस मिळाल्यासारखा दिसत होता. पण तो इंजिनियर होता.

"अजून एक गोष्ट राहिली," तो बारकीला म्हणाला. "हे वरचं टोक, तो खालचा कोपरा. हेच पाणी झिरपत तिथे निघत असेल तर कोपरा आता सुकेल. सुकला नाही, तर तुमचे वडील बरोबर. दोन दिवस पाहू."

ते दोन दिवस सायकलवाल्याने दुकानात कमी आणि भिंतीपाशी जास्त काढले. बारकी ग्रंथालयातून येता-जाता थांबायची. आत्या, जिला उतार उतरायला डॉक्टरने मनाई केली होती, ती चारदा उतरली. मंगळवारी सायकलवाल्याला वाटलं, पाणी कमी झालं. आत्या म्हणाली, "तुझी नजर कमी झालीय." त्याने पाझराखाली पंक्चरचं घमेलं ठेवलं आणि ते भरेपर्यंत दोघांनी मोठ्याने आकडे म्हटले. बुधवारी परत म्हटले. मंगळवारी चारशे अकरा, बुधवारी चारशे नऊ.

"दोन आकडे आधी भरलं, वाढलं की," सायकलवाला म्हणाला.

"काल तू भरभर म्हटलेस," आत्या म्हणाली. पण ती हसत होती.

बुधवारी संध्याकाळी इंजिनियर आला. वर मीटर जागेवर आलं होतं, दोन टाक्या परत मिळाल्या होत्या, आणि कोपऱ्यावर करंगळीएवढं पाणी पूर्वीसारखंच पाझरत होतं. एक चिमणी आंघोळ करत होती आणि माणसांची गर्दी तिला पसंत नव्हती. त्याने नोंदवही काढली, कोपऱ्याच्या ओळीवर आला आणि सगळ्यांदेखत लिहिलं, 'पाणी आपलं नाही.' मग थोडा विचार करून खाली लिहिलं, 'मागील नोंदी कायम.'

बारकीने ते वाचलं. तिचं कामच वाचायचं होतं, तरी तिने ते दोनदा वाचलं. मग घरी जाऊन काठी आणली आणि त्याच्या हातात दिली. दारामागची जागा रिकामी झाली, आणि दुसऱ्या दिवशीही ती त्या दारातून तिरकी होऊनच गेली.

आठवड्याने इंजिनियर पुन्हा दारात आला. या वेळी बूट न विचारता काढले. काठी सोबत होती. तिच्यावर नवी चकती बसवली होती, पांढऱ्या लाकडाची, आणि कडेला दातांच्या दोन ताज्या रांगा होत्या, एकही जागा रिकामी नसलेल्या.

"खात्याच्या यादीत 'काठी, एक' एवढंच आहे," तो म्हणाला. "चकतीचा उल्लेख नाही." आणि त्याने कागदात गुंडाळलेली जुनी चकती टेबलावर ठेवली.

आत्या तिथेच बसली होती. तिच्या अंगणात फुलीच्या जागी आता करड्या रंगाच्या चार फरशा होत्या. निळ्या मिळत होत्या, पण तिने त्या घेतल्या नव्हत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून ती सांगायची, मी धाकट्याचं ऐकलं नाही, ते हे ठिकाण. तिने कागद सोडला, चकती हातात घेतली, रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं.

"बघू तरी," ती म्हणाली. तिने चकती मोरीच्या नळावर टेकवली आणि कड तोंडात धरली. मग डोळे विस्फारले, तोंड सोडवलं आणि कवळी हाताने नीट बसवली.

"काय ऐकू आलं?" बारकीने विचारलं.

"कवळीच वाजतेय," आत्या म्हणाली. "पण तुझा नळ गळतोय गं. वायसर आहे का घरात?"

होता. औषधं टाकली होती, पण बाबांच्या खिशातली वायसरची पुडी बारकीने ठेवली होती.